भिंतीतले तप

पक्षाघातानंतर माझ्या पत्नीची वाचा परत आली, उजवे अंग मात्र आले नाही. वाचा आली तीही पूर्वीपेक्षा अधिक धार लावून आली. एरवी घरकामात विखुरली जाणारी तिची सारी तल्लखी आता जिभेवर येऊन बसली होती, आणि त्या जिभेच्या टप्प्यात दिवसभर असणारा मनुष्य मी होतो.

खारघरच्या आमच्या घरात, दुसऱ्या मजल्यावरील मागच्या खोलीत, तिचा पलंग आम्ही अशा बेताने लावला होता की तिला खिडकीतून डोंगर दिसावा. डोंगर तिच्या उजव्या हाताला येत होता आणि उजवीकडे तिची मान वळत नव्हती, ही गोष्ट पलंग लावून झाल्यावर ध्यानात आली. पलंग फिरवू या म्हटले, तर ती म्हणाली, "राहू द्या. डोंगर कुठे पळून जातोय? मीही नाही." मग तिच्या वाट्याला डावीकडची भिंत आली. पिवळट रंगाची, रिकामी भिंत. तिच्या मध्यावर, पूर्वी एअर कंडिशनरची नळी जात असे तेथे उरलेले एक भोक, एवढेच तिचे वैभव. यंत्र पुढच्या खोलीत हलवले आणि भोक बुजवायचे राहून गेले.

त्या भिंतीवर आषाढात एक कोळी राहावयास आला. पाय पसरले म्हणजे तळहाताएवढा भरे. अंग चपटे, रंग वाळलेल्या मातीचा. पत्नीचे अंग पुसावयास जवळच्या गावठाणातून एक मावशी येत. त्यांनी तो पाहिला आणि बादली खाली ठेवली.

"आजी, केवरा मोठा कोली हाय! झारूनं मारू?"

"हात लावू नकोस हं," पत्नी म्हणाली. "रात्रभर झुरळं धरते ती. तुझ्या झाडूला येतात का धरता?"

ती मादी आहे हे पत्नीने स्वतःच ठरवून टाकले होते. आमच्या सुनेने नंतर त्याला दुजोरा दिला. सून महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. कोळी, गांधीलमाश्या आणि तत्सम जीव ओळखण्याचा तिला छंद आहे. तिच्या काचेच्या बरण्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवल्या जात आणि त्यावरून सासूसुनांमध्ये वर्षानुवर्षे चकमकी झाल्या होत्या. पण आता सासूच तिला हाका मारू लागली. "अगं, इकडे ये, ही कोण ते सांग." सून खोलीतल्या वेताच्या खुर्चीवर उभी राहून पाहू लागली. डोळ्यांच्या वर पांढुरका पट्टा, पाय खेकड्यासारखे आडवे पसरलेले, पोट भरलेले. "मादीच आहे, आई. नराचं अंग किरकोळ असतं आणि पाय लांब. ही जाळं विणत नाही, धावून शिकार करते."

पत्नी माझ्याकडे वळली. "ऐकलंत? तुमचं ब्रह्म कोळ्यासारखं स्वतःतून धागा काढून विश्व विणतं ना? हिला म्हणावं जरा शीक."

हा टोमणा मला लागू होता. मी शाळेत संस्कृत शिकवले, आणि निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीच्या देवळात दर गुरुवारी निरूपण करतो. कोळ्याचा दृष्टान्त माझ्या तोंडी कायमचा बसलेला आहे. तिने तो माझ्याइतक्याच वेळा ऐकला होता, फक्त दुसऱ्या बाजूने.

त्या कोळ्याला ती बाईसाहेब म्हणू लागली. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "बाईसाहेब आहेत का जागेवर?" श्रावणात बाईसाहेबांच्या पोटाशी एक पांढरी, गोल, चपटी पिशवी दिसू लागली. नैवेद्याच्या बत्ताशासारखी दिसे. तिने ती पुढच्या पायांनी अंगाशी घट्ट धरली होती. सुनेने सांगितले की त्यात अंडी आहेत, आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत ही बहुधा काही खाणार नाही, नुसती बसून राहील.

"आणि मी जेवले नाही की तुम्ही सगळे माझ्यामागे लागता," पत्नी म्हणाली. मग बराच वेळ ती भिंतीकडे पाहत राहिली. "बरं. ठरलं माझं. हिची पोरं बाहेर येतील ना, तेव्हा मी त्या वेताच्या खुर्चीत बसलेली असेन."

या वाक्याचे मोल कळण्यासाठी त्याआधीचे सांगितले पाहिजे. व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनी आम्हाला दाराबाहेर नेऊन स्पष्ट सांगितले होते की शरीरात अजून वाव आहे, पण इच्छा नाही. आणि आज इच्छा झाली नाही, तर काही महिन्यांनी होऊन उपयोग नाही, सांधे तोवर आखडतील. पत्नी त्या बाईंना पाहताच डोळे मिटून घेई. "मेलेल्या लाकडाला पालवी फोडायला आल्यात," म्हणे. बाईसाहेबांची पिशवी दिसली त्या दिवसापासून तिने डोळे मिटणे सोडले. दात आवळून ती व्यायाम करी, आणि वेदना असह्य झाली की भिंतीकडे पाही. तिचे उठणे त्या बत्ताशाएवढ्या पिशवीला बांधले गेले होते. हे घरातल्या सर्वांना ठाऊक होते, आणि सर्वांत अधिक मला.

भाद्रपदातली दुपार. मावशी स्वयंपाकघरात होत्या. मी पत्नीच्या उशाशी बसून स्तोत्रपाठ करीत होतो, कारण त्या लयीत तिला झोप लागे. तेव्हा खिडकीतून ती आली.

आधी ऐकू काहीच आले नाही. काळ्या कुळकुळीत अंगाची, कमरेशी बारीक, शेवटाला तांबडे टोक असलेली एक मोठी गांधीलमाशी खिडकीच्या चौकटीवर उतरली. पंख काळे, पण प्रकाशात त्यांना मोरपिसाची निळाई येत होती. ती उडण्यापेक्षा धावत अधिक होती. चार पावले धावे, पंख झटके, थांबे, टोकाला वळलेल्या मिशा भिंतीवर टेकवून काहीतरी वाची, पुन्हा धावे. तिचा पाठ चाललेला होता आणि माझा थांबला होता.

बाईसाहेबांना ती दिसण्यापूर्वीच कळली. एका क्षणात तिने पुढचे पाय उचलले. पिशवी सोडली असती तर ती पळाली असती. तिने पिशवी सोडली नाही.

"अहो, हाकला! हाकला तिला!" पत्नी ओरडली.

माझ्या हातात पोथी होती. बाजूला वर्तमानपत्र होते. उठून हात हलवला असता तरी पुरे होते. मी उठलोही. आणि उठताना मी तिला ओळखले.

लहानपणी मी ज्या पाठशाळेत शिकलो, तेथे तुळईवर गांधीलमाशीचे मातीचे एक घरटे होते. आमचे गुरुजी त्याला झाडू लावू देत नसत. "आत तप चालले आहे," म्हणत. भृंगी एका क्षुद्र कीटकाला धरून आणते, घरात कोंडते, बाहेरून गुणगुणत राहते. तो कीटक निश्चल होऊन अखंड तिचेच ध्यान करतो, आणि ध्यान करता करता एके दिवशी स्वतःच भृंगी होऊन बाहेर उडतो. गुरू आणि शिष्य, देव आणि भक्त, यांच्याविषयी याहून सुंदर दृष्टान्त मी ऐकला नाही. आयुष्यभर तो सांगितला. श्रोत्यांचे डोळे भरून आलेले पाहिले. परंतु दृष्टान्तातली ती भृंगी प्रत्यक्ष कीटकापुढे उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. ती माझ्या घरात, माझ्या पाठाच्या वेळी आली होती. तिला वर्तमानपत्राने हाकलायचे?

माझा हात उचललेला राहिला.

तिने झेप घेतली. दोघी भिंतीवरून सुटून फरशीवर पडल्या, पायांचा एक गोळा झाला, आणि त्या गोळ्यातून ते तांबडे टोक दोनदा वाकून आत गेलेले मी पाहिले. एकदा तोंडाजवळ, एकदा पायांच्या मुळाशी. मग सारे शांत झाले. पिशवी घरंगळत पलंगाखाली गेली. भृंगीने मिशा स्वच्छ केल्या, तोंड पुसावे तशा. मग आपल्याहून कितीतरी जड अशा बाईसाहेबांना पायाच्या मुळाशी धरून, स्वतः पाठमोरी चालत, ती भिंत चढू लागली. दोनदा ओझे खाली पडले. दोनदा ती खाली उतरली, शोधले, पुन्हा धरले. शेवटी ती त्या बुजवायच्या राहिलेल्या भोकात मागच्या मागे शिरली, आणि बाईसाहेबांचे पाय एकेक करून आत ओढले गेले.

"का थांबलात?" पत्नीने विचारले. ती रडत नव्हती. पक्षाघातानंतर तिचा उजवा डोळा आपोआप पाझरे, तेवढेच.

मी तिच्याजवळ बसलो आणि सांगितले. तिला तो दृष्टान्त पाठ होता, तरी मी पुन्हा सगळा सांगितला. ही तीच भृंगी आहे, बाईसाहेब मेलेल्या नाहीत, निश्चल झाल्या आहेत, आत तप चालेल आणि त्या रूप पालटून बाहेर येतील. मी तिची समजूत घालत नव्हतो. प्रत्येक शब्द मला खरा वाटत होता.

ती भोकाकडे पाहत होती. गांधीलमाशी वाळूचे कण, गिलाव्याचे तुकडे, एक मेलेली मुंगी असे काय काय आणून भोक बुजवीत होती.

"हलत नाही, पण जिवंत आहे," पत्नी हळूच म्हणाली. "आणि आतल्या आत काहीतरी चाललंय."

"होय."

"मग उडेल?"

"उडेल."

"तर मग माझं उठणं तिच्याबरोबरच धरा." असे म्हणून तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने मावशींनी केर काढला, तेव्हा पलंगाखालची पिशवी केरात गेली. तिची कोणी विचारपूस केली नाही. अंडी मागे पडली होती, आता सारे लक्ष भोकावर होते.

संध्याकाळी सून आली. तिने भोक पाहिले, खाली सांडलेला कचरा पाहिला, मला चार प्रश्न विचारले. पंख कोणत्या रंगाचे, टोक तांबडे का, ओढताना ती पुढे तोंड करून चालत होती की मागे. मग ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि नळ मोठा सोडला, आवाज खोलीत जाऊ नये म्हणून.

"बाबा, ती कोळीमार गांधीलमाशी आहे. लाल शेपटीची. हिला तोच मोठा कोळी लागतो. नांगी मारते ती मारायला नाही, लुळं करायला. मग पोटावर एक अंडं घालते आणि भोक बुजवते."

"आणि मग?"

"अंड्यातून अळी निघते. ती कोळी खाते. हळूहळू. हृदय वगैरे शेवटपर्यंत ठेवते, नाहीतर मांस सडेल."

"पाठशाळेच्या तुळईवर तसे घरटे होते," मी म्हणालो. "मातीचे."

"ती कुंभारमाशी. ती लहान लहान कोळी एका खोलीत दाटीवाटीनं भरते. किंवा दुसरी एखादी असेल, अळ्या भरणारी. ही माती आणत नाही, सापडेल ते भोक घेते आणि त्यात एकच मोठा कोळी ठेवते. ओळखायची खूण तीच."

"म्हणजे तेथेही..."

"तिथंही, बाबा. आत तप नसतं. आत जेवण चालू असतं."

मी नळ बंद केला. मग पुन्हा सोडला, कारण बोलणे संपले नव्हते. "पूर्वजांनी पाहिले ते खोटे कसे असेल?"

"पाहिलं ते खरंच होतं. आत एक प्राणी गेला, बाहेर दुसरा आला. मधलं कुणाला दिसलं नाही." मग तिने विचारले, "तुम्ही आईंना काय सांगितलंय?"

मी सांगितले. तिने दोन्ही हात ओट्यावर टेकले आणि मान खाली घातली.

"तिला हे सांगू नकोस," मी म्हणालो.

"मी आपण होऊन नाही बोलणार. पण त्यांनी विचारलं तर खोटंही नाही बोलणार. मला नाही जमत ते, तुम्हाला माहीत आहे."

त्यानंतरच्या दिवसांविषयी लिहिताना हात अडखळतो, कारण ते दिवस सुखाचे होते. पत्नी पहाटेच उठवी. "चला, तप सुरू करा," म्हणे आणि उजवा पाय हलवण्याच्या उद्योगाला लागे. पाय हलत नसे. ती नामस्मरण करी आणि पुन्हा आज्ञा देई. एके सकाळी अंगठा हलला. मी पाहिला, मावशींनी पाहिला, व्यायामाच्या बाईंनी दोनदा करून घेतला आणि टाळी वाजवली. मग ती आधाराने पलंगाच्या कडेवर बसू लागली. घाम येई, ओठ निळे पडत, तरी बसे. वेताची खुर्ची पलंगाजवळ आणून ठेवायला तिने लावली. पलंगाला टेकून असलेली ती रिकामी खुर्ची पाहून मला वाटे, सुनेने सांगितलेले सत्य कोठेही असू दे, या खोलीत खरे काय आहे ते दिसतेच आहे. गुरुवारी निरूपणात मी भृंगीचा दृष्टान्त सांगितला. पूर्वी कधी सांगितला नव्हता इतका चांगला सांगितला.

"तुमचा गुरुमंत्र चालला हो," पत्नी म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्या विद्येला तिने दिलेली ती पहिली पावती.

पितृपक्षात एका संध्याकाळी सून तिच्या केसांना तेल लावत होती. मी दाराशी होतो.

"काय गं," पत्नीने विचारले, "तू शिकलेली आहेस. आता आत बाईसाहेबांचं कुठवर आलं असेल? पंख फुटले असतील?"

सुनेचा हात केसांत थांबला. सासूपण केलेल्या बाईला सुनेचे मौन वाचता येते. त्यासाठी मान वळवावी लागत नाही.

"उघड ते," पत्नी म्हणाली.

"नको," मी पुढे झालो. "तपोभंग होईल."

"होऊ दे. मला बघायचंय."

सुनेने माझ्याकडे पाहिले नाही. तिने सासूच्या अंबाड्यातून सोडवून उशाशी ठेवलेला आकडा घेतला, खुर्ची भिंतीशी ओढली. तीच, वेताची खुर्ची. तिच्यावर उभी राहून आकड्याने भोकाचे बूच पोखरले. मग आपल्या बरण्यांजवळचा चिमटा आणि कुंचला आणून, फार हळू, आतले बाहेर काढून स्टीलच्या ताटलीत ठेवले आणि ताटली पत्नीच्या डोळ्यांसमोर धरली.

"चष्मा," पत्नी म्हणाली. मी तो लावून दिला.

बाईसाहेब कुशीवर पडल्या होत्या. पाय अंगाशी दुमडलेले, रंग अजून तोच. पोट मात्र एका बाजूने बसले होते, पाणी आटलेल्या नारळासारखे. आणि त्या बसलेल्या बाजूला एक पांढरी, गुबगुबीत अळी तोंड खुपसून चिकटली होती. अळीच्या पातळ कातडीतून आत काहीतरी वाहताना दिसत होते. दोघींत हालचाल होती ती तिचीच.

"ही मेली?"

सुनेने बारीक कुंचल्याने बाईसाहेबांच्या पायाचे टोक स्पर्शिले. टोक थरथरले. अगदी थोडे. अंगठा हलला होता तेवढेच.

"जिवंत आहे, आई."

"तिला दुखतं?"

"माहीत नाही. खरंच कुणालाच नक्की सांगता येत नाही."

"तुम्हाला नसेल सांगता येत," पत्नी म्हणाली. "मला विचारा की."

सुनेने ताटली जराशी खाली घेतली आणि दिव्याची तिरीप तिच्या कडेवरून फिरली. मग पत्नीने माझ्याकडे डोळे वळवले.

"मारा बाईसाहेबांना."

"अगं..."

"मारा. दुसरं काही मागत नाही."

सून म्हणाली, "आई, मी फ्रीझरमध्ये ठेवते. थंडीनं झोपल्यासारखं होतं, कळतही नाही."

"तू नाही. तू हाकललीच असतीस त्या दिवशी. ह्यांनी करायचं."

मी जन्मात मुंगी मारलेली नाही. देवपूजेच्या फुलांतला किडा मी झाडाशी नेऊन सोडतो. मी तिला तेच सांगू लागलो. ताटलीत आता दोन जीव आहेत. अळीने कोणते पाप केले, तिला तिच्या आईने तेथे ठेवले. प्राण देणारा मी नव्हे, घेणारा मी कोण. हे सांगत असताना माझा आवाज निरूपणाच्या लयीत चालला आहे, हे मला ऐकू येत होते आणि थांबवता येत नव्हते.

तिने मला पुरते बोलू दिले.

"झालं?" ती म्हणाली. "उद्या मला असंच कुणी आतून खायला लागलं, तरी तुम्ही उशाशी बसून स्तोत्रच म्हणाल. स्वर चांगला लागेल तुमचा."

मी ताटलीकडे हात नेला. खरोखर नेला. अंगठा आणि तर्जनी, एवढेच लागले असते. बाईसाहेबांच्या आठ डोळ्यांत दिवा दिसत होता. माझी बोटे ताटलीच्या कडेपर्यंत गेली आणि तेथे कडेला धरून राहिली, जणू ताटली सांभाळायची होती.

पत्नी वाट पाहत होती. मग वाट पाहणे संपले. ते संपताना मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले. डाव्या बाजूला ताणलेले काहीतरी सैल झाले आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

"ठेव गं परत," ती सुनेला म्हणाली. "जशी होती तशी. ह्यांना बघू दे तप पुरं झालेलं."

सून माझ्याकडे पाहू लागली. मी कडेवरची बोटे काढून घेतली. ती पुन्हा खुर्चीवर चढली, तिने बाईसाहेबांना अळीसकट आत ठेवले आणि भोकाशी कापसाचा सैल बोळा लावला.

दुसऱ्या सकाळी व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा पत्नीने डोळे मिटून घेतले. त्यांनी अंगठा हलवून दाखवा म्हटले. "तो हलला म्हणून काय झालं? तिचाही हलतो," एवढेच ती म्हणाली, आणि त्या बाईंना त्याचा अर्थ कळला नाही. नवरात्र आले, गेले. मुलाने ऐरोलीच्या कचेरीतून लवकर येऊन आईची मनधरणी केली, सून रागावली, मी गयावया केली. ती कोणालाही वाईट बोलली नाही. तिची जीभ बोथट झाली होती. तिच्या तिखट बोलण्याची मी इतकी वाट पाहीन, असे मला कधी वाटले नव्हते. बाईंनी सांगितलेले आखडणे सुरू झाले. उजवा हात आधी कोपरात दुमडला, मग मनगटात. मावशी अंग पुसताना त्याला उघडू पाहत, तेव्हा ती सुस्कारा टाके, ओरडत नसे. वेताची खुर्ची पुढच्या खोलीत गेली.

देवळात मी भृंगीचा दृष्टान्त टाळू लागलो. श्रोत्यांतील एका वृद्ध बाईंनी तो मुद्दाम मागितला, त्यांच्या नातीला ऐकवायचा होता म्हणून. सांगितला. त्यांचे डोळे भरून आले.

कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, मी सकाळी तिला चहा पाजत होतो. चमच्याने पाजावा लागे. तेव्हा भोकातला बोळा हलला. एका बाजूने वर उचलला गेला, पुन्हा बसला, पुन्हा उचलला गेला आणि फरशीवर पडला. भोकाच्या तोंडाशी ती आली. ओली, नवी, काळी. शेवटाला तांबडे टोक. ती भिंतीवर बाईसाहेबांच्या जागी बसली, मिशा एकेक करून पायांतून ओढून स्वच्छ केल्या, पंख झटकले. खिडकीतल्या उन्हाची तिरीप तिच्यावर आली आणि पंखांना ती निळाई चढली. इतके सुंदर काही त्या खोलीत अनेक महिन्यांत आले नव्हते. माझ्या हातातला चमचा मी बशीत ठेवलेला मला आठवत नाही. आठवते ते एवढेच की हात जोडलेले होते आणि ते छातीशी होते.

सून दाराशी आली होती. सवयीने ओळख पटवू लागली. "मादी आहे," ती पुटपुटली. "हीसुद्धा कोळीच शोधणार."

पत्नी माझ्या हातांकडे पाहत होती.

"नमस्कार केलात?"

"सवयीने गं." मी हात सोडले.

"नको, करा. तुमचं खरं निघालं. झालीच की ती भृंगी." तिच्या आवाजात पूर्वीची धार एका क्षणापुरती परतली आणि मला, माझ्या निलाजरेपणाची कमाल अशी की, आनंद झाला. "सगळीच्या सगळी झाली. काही उरलं असेल तर भोकात बघा, पाय असतील."

गांधीलमाशी खिडकीच्या चौकटीपर्यंत धावत गेली, थांबली, आणि डोंगराच्या दिशेने उडाली. पत्नीला ते दिसले नाही. तिकडे मान वळत नव्हती.

"मला उजव्या कुशीवर वळवा," ती म्हणाली.

उजवी कूस ही आखडलेली कूस. तिच्यावर तिला निजवू नये, असे आम्हाला बजावलेले होते. "तिकडे खांद्यात कळ येईल गं," मी म्हणालो.

"येऊ दे. ही भिंत नको आता."

मी एक हात पत्नीच्या मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि तिला वळवू लागलो. तिचे वजन होते त्याहून फार अधिक वाटले. एका खेपेत झाले नाही. मी तिला पुन्हा खाली ठेवले, पकड बदलली, आणि पुन्हा ओढले.